हौशी डोळ्यांनी पकडलेला प्रकाश

आभाळ पाहायला तिकीट लागत नाही. रात्रपाळी संपवून घरी परतणारा कामगार, पहाटे नळावर पाण्यासाठी उभी राहणारी माउली, गच्चीवर अभ्यासाला बसलेली शाळकरी मुलगी, या सर्वांच्या डोक्यावर तेच आभाळ असते. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक संकोच दडलेला असतो. आपण काही वेगळे पाहिले, तर ते खरे कोण मानणार? शास्त्र हे शिकल्यासवरलेल्या मोठ्या लोकांचे काम, आपण फार तर ते पाठ्यपुस्तकात वाचायचे, असे आपल्याला वाटते.

हा संकोच अनाठायी आहे. परंतु नुसते पाहून भागत नाही, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी पटवून देणारी एक सत्यकथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. ती कॅनडा देशातली आहे. घरातल्या मुलामुलींना जवळ बसवून ती वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

ध्रुवीय प्रकाश म्हणजे काय?

पृथ्वीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांकडच्या देशांत रात्री आकाशात कधी कधी रंगीत प्रकाशाचे पडदे हलताना दिसतात. हिरवे, तांबडे, जांभळे. वाऱ्याने साडीचा पदर हलावा तसे ते हलतात. त्याला ध्रुवीय प्रकाश किंवा अरोरा म्हणतात.

जुन्या काळी लोक या प्रकाशाला भीत. फिनलंडच्या भाषेत त्याला 'कोल्ह्याचा अग्नी' अशा अर्थाचे नाव आहे. युरोपात तांबडा प्रकाश दिसला की युद्ध किंवा रक्तपात होणार, असे मानले जाई. रोमचा सम्राट टायबेरियस याच्या काळात आकाश तांबडे झालेले पाहून ओस्टिया बंदराला आग लागली असे वाटले आणि मदतीला सैनिकांच्या तुकड्या धावल्या, असे तत्त्वज्ञ सेनेका याने लिहून ठेवले आहे. आग नव्हतीच. आकाशाने फसवले नव्हते, कारण माहीत नव्हते म्हणून माणसे फसली.

कारण असे आहे. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा एक प्रवाह सतत बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो, पण या कणांना साधारण दोन-तीन दिवस लागतात. पृथ्वी स्वतः एक मोठे लोहचुंबक आहे. तिचे चुंबकीय क्षेत्र हा मारा अडवते. परंतु सौरवाऱ्याच्या रेट्याने हे क्षेत्र ताणले जाते, त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात कण वेगाने वातावरणात शिरतात. तेथे ते हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळतात आणि हवा उजळते. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा दिसतो. २०० किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन तांबडा दिसतो. नायट्रोजनमुळे निळ्या-जांभळ्या छटा येतात. नळीतल्या वायूतून वीज गेली की दुकानावरची निऑनची पाटी उजळते, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

अल्बर्टाची मंडळी

कॅनडाच्या पश्चिम भागात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. तेथे हा प्रकाश पाहण्याचा व त्याची छायाचित्रे काढण्याचा छंद असलेल्या लोकांनी 'अल्बर्टा अरोरा चेसर्स' या नावाने फेसबुकवर आपला एक गट जमवला. चेसर्स म्हणजे पाठलाग करणारे. हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. दिवसभर आपापली कामे करायची आणि रात्री गाडी काढून शहराच्या दिव्यांपासून दूर, काळोख्या जागी जाऊन उभे राहायचे. तिथली थंडी हाडे गोठवणारी. कधी तासन्तास थांबूनही काहीच दिसत नाही. दिसले तर छायाचित्र काढायचे आणि कुठे, कधी, कोणत्या दिशेला दिसले ते एकमेकांना कळवायचे, हा त्यांचा नेम.

या मंडळींना कधी कधी एक वेगळीच गोष्ट दिसे. नेहमीचा हिरवा प्रकाश उत्तरेकडे दिसतो. पण त्याच्या बराच दक्षिणेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे आभाळ ओलांडून गेलेली जांभळट-पांढरी, अरुंद रेघ उमटे. आभाळाला कुणी जांभळी फीत बांधावी तशी. कधी तिच्या खाली हिरव्या उभ्या रेषांची रांग दिसे, जणू कुंपणाच्या पट्ट्या. थोड्या वेळाने सगळे विरून जाई.

ही फीत कशाची? मंडळींनी पुस्तके चाळली आणि तिला एक नाव दिले: 'प्रोटॉन आर्क', म्हणजे प्रोटॉन कणांमुळे उमटलेली कमान. नाव शास्त्रीय वाटत होते. गटात तेच रूढ झाले.

टेबलावर मांडलेले छायाचित्र

२०१६ साली कॅलगरी शहरात नासाच्या शास्त्रज्ञ एलिझाबेथ मॅकडॉनल्ड यांचे व्याख्यान झाले. ध्रुवीय प्रकाश पाहणाऱ्या सामान्य लोकांकडून नोंदी गोळा करणारा 'अरोरासॉरस' हा उपक्रम त्या चालवत. व्याख्यानानंतर त्या, कॅलगरी विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक डोनोव्हन आणि ही हौशी मंडळी एका पबमध्ये गप्पांना बसली. आपल्याकडे सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर खरी चर्चा रंगते, तसाच प्रकार.

बोलता बोलता मंडळींनी सांगितले की आम्ही प्रोटॉन आर्कची छायाचित्रे काढली आहेत. डोनोव्हन यांची सारी हयात या विषयात गेलेली. त्यांनी सांगितले की ते शक्य नाही. प्रोटॉनमुळे पडणारा प्रकाश रुंद, पसरट आणि इतका मंद असतो की तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

वाचकहो, अशा प्रसंगी पुढे काय होते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. मोठा माणूस 'तुम्हाला त्यातले काय कळते' म्हणून उठून जातो. लहान माणूस मनात खट्टू होऊन गप्प बसतो. कॅलगरीत तसे घडले नाही. मंडळींनी छायाचित्र पुढे केले. डोनोव्हन यांनी ते नीट पाहिले आणि हे प्रोटॉन आर्क नाही, पण हे काय आहे तेही आपल्याला सांगता येत नाही, असे मान्य केले.

आम्हांला या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. इथे दोघांचेही थोडे चुकले होते आणि दोघांचेही थोडे बरोबर होते. हौशी मंडळींनी पाहिलेली वस्तू खरी होती, तिला दिलेले नाव चुकीचे होते. प्राध्यापकांनी नाव खोडले ते योग्यच होते, पण ती वस्तू त्यांच्या पुस्तकात नव्हती. मंडळींनी चूक दाखवली म्हणून राग धरला नाही. प्राध्यापकांनी आपला मान आड येऊ दिला नाही.

नाव ठेवले स्टीव्ह

आता जुने नाव गेले, मग म्हणायचे काय? गटाचे एक संचालक ख्रिस रॅट्झलाफ यांनी सुचवले, तूर्त हिला 'स्टीव्ह' म्हणू. २००६ सालच्या 'ओव्हर द हेज' या लहान मुलांच्या चित्रपटात एक गंमत आहे. रानातले प्राणी हिवाळ्याच्या झोपेतून जागे होतात, तर समोर एक उंचच उंच कुंपण. त्यांनी कुंपण कधी पाहिलेलेच नसते. ते घाबरतात आणि भीती कमी व्हावी म्हणून त्याला स्टीव्ह हे नाव देतात. आपल्याकडे बंडू किंवा पिंट्या म्हणावे तसे. नाव साधे होते, पण प्रामाणिक होते. 'हे काय आहे ते आम्हांला अजून कळलेले नाही' अशी कबुलीच त्यात होती.

पुढचे काम उपग्रहाने केले. युरोपीय अंतराळ संस्थेने २०१३ साली 'स्वॉर्म' नावाचे तीन उपग्रह पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजण्यासाठी सोडले होते. जुलै २०१६ मध्ये फीत उमटलेली असताना त्यांपैकी एक उपग्रह नेमका तिच्यातून गेला. जमिनीवरच्या नोंदीतली वेळ आणि उपग्रहाच्या नोंदीतली वेळ ताडून पाहिली. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर तापमान एकाएकी ३००० अंश सेल्सिअसने चढलेले आढळले. फितीची रुंदी सुमारे २५ किलोमीटर. तिच्यातला वायू सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता, तर दोन्ही बाजूंना तोच वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास होता. म्हणजे शांत तळ्याच्या मधोमध पुराची नदी वाहावी तसे.

आणखी एक गोष्ट आम्हांला विचार करायला लावते. असा वेगवान प्रवाह त्या भागात असतो, हे शास्त्रज्ञांना उपग्रहांमुळे १९७० च्या दशकापासून ठाऊक होते. आणि जांभळी फीत हौशी लोक कित्येक वर्षे कॅमेऱ्यात टिपत होते. एकाला प्रवाह माहीत, दुसऱ्याला प्रकाश माहीत. दोघे एका टेबलाशी बसले नव्हते, म्हणून दोन्ही गोष्टींचा सांधा जुळला नव्हता.

मार्च २०१८ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मॅकडॉनल्ड, डोनोव्हन यांच्यासोबत हौशी निरीक्षकांची नावेही लेखक म्हणून त्यात छापली गेली. आभाराच्या शेवटच्या ओळीत नव्हे, लेखकांच्या यादीत. स्टीव्ह हे नावही कायम राहिले. त्याच्या इंग्रजी अक्षरांत बसेल असे शास्त्रीय नाव शास्त्रज्ञांनी मागाहून बनवले. त्याचा अर्थ 'तीव्र उष्णतेमुळे पडणारा प्रकाश व वेगवृद्धी' असा होतो.

गोष्ट इथे संपली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक निबंध आला. त्यात २००८ सालच्या एका घटनेची उपग्रहाने केलेली नोंद तपासली होती. ध्रुवीय प्रकाशात जसे वरून कण आदळतात तसे फितीच्या जागी आदळत नव्हते. याचा अर्थ स्टीव्ह हा नेहमीचा ध्रुवीय प्रकाश नव्हेच, तो वेगळ्या रीतीने उजळणारा आकाशाचा प्रकाश आहे. त्याचा अभ्यास अजून चालू आहे.

बोटाचा प्रयोग

असाच प्रकार फिनलंडमध्येही घडला. तिथल्या हौशी मंडळींच्या प्रश्नांना हेलसिंकी विद्यापीठाच्या प्राध्यापक मिन्ना पामरोथ उत्तरे देत असत. त्यातूनच ध्रुवीय प्रकाशाचे प्रकार ओळखायला शिकवणारे एक पुस्तक २०१८ साली तयार झाले. पुस्तक बाहेर पडून थोडेच दिवस झाले होते, तोच ७ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री पुस्तकातल्या कोणत्याच प्रकारात न बसणारा प्रकाश लोकांना दिसला. वाळवंटात वाळूच्या लाटा दिसतात तशा हिरवट समांतर लाटा. म्हणून त्यांना 'वाळूच्या टेकड्या' अशा अर्थाचे नाव मिळाले.

या लाटा किती उंचीवर आहेत, हे जमिनीवरून कसे कळणार? मुलांनी इथे एक प्रयोग करावा. एक बोट डोळ्यांसमोर धरा. डावा डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा, मग उजवा मिटून पाहा. बोट जागचे हललेले नसते, पण कॅलेंडरवरच्या वेगळ्या तारखेसमोर दिसते. बोट जितके जवळ, तितके ते जास्त सरकते. फिनलंडमध्ये दूरदूरच्या दोन गावांतून एकाच वेळी एकाच लाटेची छायाचित्रे निघाली होती. दोन गावे म्हणजे दोन डोळे, लाट म्हणजे बोट आणि मागचे तारे म्हणजे कॅलेंडर. ताऱ्यांच्या मानाने लाट किती सरकली ते मोजून तिची उंची काढली. ती सुमारे १०० किलोमीटर भरली. दोन लाटांमधले अंतर सुमारे ४५ किलोमीटर. जानेवारी २०२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. छायाचित्रांवर नेमकी वेळ नसती, तर हे गणित मांडताच आले नसते.

मुंबईचा संबंध

हा परदेशातला विषय, आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा हौशी खगोलनिरीक्षक आपल्या खाजगी वेधशाळेत सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांची चित्रे काढत होता. अचानक डागांच्या जागी दोन झगझगीत ठिपके चमकले. कुणीतरी साक्षीदार हवा म्हणून तो धावत गेला. मिनिटाभरात परतला, तोवर चमक जवळजवळ मावळली होती. योगायोगाने दुसरा एक हौशी, रिचर्ड हॉजसन, यानेही आपल्या घरून तीच चमक पाहिली होती. एकाच्या साक्षीला दुसऱ्याची साक्ष मिळाली. साडेसतरा तासांच्या सुमारास चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. ध्रुवीय प्रकाश पार क्युबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. तारयंत्रे बिघडली.

त्या वेळी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय सुईच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. २ सप्टेंबरला तिथे चुंबकीय बल एकाएकी सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. युरोपात आपोआप रेघा ओढणाऱ्या उपकरणांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या, पण कुलाब्याला माणसे डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती. वादळ चालू असताना त्यांनी काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपले. १४४ वर्षांनी, २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आदी शास्त्रज्ञांनी याच आकड्यांवरून त्या वादळाची ताकद मोजली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा सुईला उपद्रव होणार, म्हणून १९०४ साली हे चुंबकीय काम अलिबागला हलवण्यात आले.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली होती. अलीकडची गोष्ट सांगायची तर १०-११ मे २०२४ च्या रात्री, वीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळात, लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबडी प्रभा टिपली. आपल्याइतक्या दक्षिणेला बहुधा तांबडाच रंग दिसतो, कारण सर्वांत उंचावरचा भाग तेवढा क्षितिजाच्या वर डोकावतो. हानले परिसर २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन आकाश दाखवण्याचे शिक्षण दिले गेले. कालपर्यंत ज्यांच्यासाठी रात्र म्हणजे नुसता काळोख होता, ते आज पाहुण्यांना तारे ओळखायला शिकवतात.

एक वही घालावी

आपल्या वस्तीतून ध्रुवीय प्रकाश दिसेल, अशी खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. परंतु ग्रहण दिसते, उल्का दिसते, पहाटे किंवा संध्याकाळी शुक्र दिसतो, कधी माणसे राहत असलेले अंतराळ स्थानकही शांतपणे डोक्यावरून सरकताना दिसते. (सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. कॅरिंग्टननेसुद्धा पडद्यावरची प्रतिमाच पाहिली होती.) पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना सोबत घेऊन हे काम करते आहे. अशा संस्थांत जाऊन बसायला कुणी संकोच करू नये.

घरात एक वही घालावी. तारीख, वेळ, जागा, दिशा, काय दिसले आणि सोबत कोण होते, एवढे रकाने पुरेत. मोठ्याने पाहावे, लहानाने लिहावे, किंवा लहानाने पाहावे आणि मोठ्याने लिहावे. हाताशी मोबाइल असेल तर छायाचित्र काढावे, त्यात वेळ आपोआप नोंदली जाते. दिसले ते काय होते हे कळले नाही, तर 'माहीत नाही' असे स्पष्ट लिहावे. शकुन-अपशकुन लिहू नये. कुणी जाणत्याने चूक दाखवली तर जुना मजकूर न खोडता खाली दुरुस्ती लिहावी.

अल्बर्टाच्या मंडळींनी चुकीचे नाव दिले होते, तरी त्यांची नोंद खरी होती, म्हणून ती उपयोगी पडली. कुलाब्याला आकडे लिहिणाऱ्यांना त्या आकड्यांचा पुढे काय उपयोग होणार, हे ठाऊकही नव्हते. त्यांनी ते नीट लिहिले, एवढेच. आपल्या मुलीने उद्या गच्चीवरून हाक मारली, 'आई, हे बघ काय!' तर आधी घड्याळ पाहावे, मग आभाळ पाहावे.